क्लोरीन देताना वारंवार उग्र वास येणे आणि डोळे चुरचुरणे : नेमके कारण कसे शोधावे

जलतरण तलावाची निगा राखणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच प्रकारे मांडली जाते. क्लोरीन दिले की उग्र वास सुटतो, डोळे चुरचुरतात, घसा धरतो; दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्यावर कोणी क्लोरीनची मात्रा कमी करून पाहतो, कोणी मालच खराब आहे असे ठरवून पुरवठादार बदलतो, तर कोणी तोंडाला रुमाल बांधून काम उरकतो. या तिन्ही उपायांनी वास थांबत नाही, कारण त्याचे मूळ एकच नसते. वास कुठे येतो आणि कोणत्या क्षणी येतो, हे आधी पाहावे लागते. पोहणाऱ्यांना पाण्यावर येणारा वास, डब्याचे झाकण काढताना येणारा वास, बादलीत मिश्रण करताना येणारा वास आणि बंद पडलेला पंप पुन्हा सुरू केल्यावर येणारा वास, हे चार निरनिराळे बिघाड आहेत. त्यांतील पहिला त्रासदायक असतो. उरलेले तीन जिवावर बेतू शकतात.

वास आत्ता येत असेल तर

हातातले काम आहे तिथेच सोडून बाहेर पडावे. झाकण लावायला, पिंप सरळ करायला किंवा सांडलेले पुसायला थांबू नये. क्लोरीन वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्यामुळे तो जमिनीलगत पसरतो आणि तळघर, पंपाचा खड्डा, नाली अशा खोलगट जागी साचून राहतो. म्हणून खाली वाकून पळण्याऐवजी उंच जागेकडे आणि वाऱ्याच्या उलट दिशेने जावे. धुरातून बाहेर पडताना जमिनीलगत राहावे असे आपण शिकलेलो असतो, ती सवय इथे उलटी पडते. धुळीसाठीचा कापडी किंवा कागदी मास्क वायू अडवत नाही, ओला रुमालही नाही. आत कोणी अडकले असेल तर अग्निशमन दलाला बोलवावे, कारण अशा खोलीत शिरण्यासाठी पाठीवर स्वतःचा हवेचा साठा असलेले श्वसनयंत्र लागते.

वायूचा त्रास झालेल्या माणसाला मोकळ्या हवेत बसते करावे, कपड्यांवर द्रव सांडला असेल तर ते काढावेत. डोळ्यांत रसायन गेले असल्यास पापण्या उघड्या धरून किमान १५ ते २० मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावेत. लिंबू, व्हिनेगर, सोडा असले काहीही लावू नये. खोकला थांबला म्हणजे प्रकरण मिटले असे समजू नये. फुफ्फुसांत पाणी होण्याची लक्षणे काही तासांनी दिसू शकतात, त्यामुळे ज्याला धाप लागली होती त्याला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे.

आपल्या हातात नेमके कोणते क्लोरीन आहे

गोंधळाची सुरुवात नावापासून होते. तलावावर तीन वेगवेगळे पदार्थ ‘क्लोरीन’ याच एका नावाने वावरतात. पहिला दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट, ज्यात उपलब्ध, म्हणजे प्रत्यक्ष कामाला येणारे, क्लोरीन साधारण ६५ ते ७० टक्के असते. दुसरा द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट, बहुधा १० ते १२ टक्क्यांचा. तिसरा टीसीसीए, म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल, ज्याच्या पांढऱ्या गोळ्यांत सुमारे ९० टक्के उपलब्ध क्लोरीन असते. पहिले दोन अल्कधर्मी, तिसरा चांगलाच आम्लधर्मी. साधी ब्लीचिंग पावडर ही पहिल्याची कमी ताकदीची भावंड. तिच्यातला चुना विरघळत नाही आणि पाणी गढूळ करतो, म्हणून तलावाला ती सहसा सोयीची नसते.

या तिघांना एकमेकांशी किंवा आम्लाशी गाठ पडू न देणे हाच सगळ्या सुरक्षिततेचा गाभा आहे. कोणत्याही हायपोक्लोराइटमध्ये आम्ल मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. दाणेदार हायपोक्लोराइट आणि टीसीसीए एकत्र आले, त्यातही थोडासा ओलावा लागला, तर उष्णता, क्लोरीन वायू आणि नायट्रोजन ट्रायक्लोराइड नावाचा स्फोटक पदार्थ तयार होऊन आग लागू शकते. दोन्ही पांढरे, दोन्हींवर ‘क्लोरीन’ असे लिहिलेले, म्हणून उरलेसुरले एका डब्यात ओतण्याचा मोह होतो. तो मोह घातक आहे. ‘हायपो’ हा शब्दही सांभाळून वापरावा. काही जण सोडियम हायपोक्लोराइटला हायपो म्हणतात आणि काही जण सोडियम थायोसल्फेटला. एक क्लोरीन देतो, दुसरा क्लोरीन मारतो. फोनवरून मागणी नोंदवताना पूर्ण नाव घ्यावे.

बादलीत आणि मगात होणारी चूक

मिश्रण करताना वास येत असेल तर बहुतेक वेळा दोष भांड्याचा असतो, मालाचा नसतो. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. पाण्याचा पीएच, म्हणजे ते आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, वाढला होता म्हणून सकाळी प्लॅस्टिकच्या मगाने हायड्रोक्लोरिक आम्ल मोजून दिले, मग पाण्याने विसळून उपडा ठेवला. दुपारी तोच मग द्रव हायपोक्लोराइटच्या पिंपात बुडवला आणि बाहेर काढताच चुर्र असा आवाज होऊन मगातून हिरवट पिवळसर वाफ वर आली. मी मग तिथेच टाकून मागे सरलो, तरी पुढचे दोन तास छाती आवळल्यासारखी वाटत होती. नंतर मग नीट पाहिला तेव्हा कारण कळले : त्याचा कान आतून पोकळ होता, त्या पोकळीचे तोंड मगाच्या आत उघडत होते आणि चमचाभर आम्ल तिथे दडून बसले होते. वरवर विसळून ते निघणे शक्यच नव्हते.

तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक रसायनाचे माप वेगळे आहे, वेगळ्या रंगाचे आहे, पोकळ कानाचे नाही, आणि ते त्या त्या साठ्याजवळच्या खुंटीला दोरीने बांधलेले असते. दोरी मुद्दाम आखूड ठेवली आहे, म्हणजे माप दुसऱ्या पिंपापर्यंत पोहोचतच नाही. सूचना लिहिलेले फलक लोक वाचत नाहीत. आखूड दोरी मात्र सगळ्यांना कळते.

मिश्रणाचा क्रमही ठरलेला असावा. स्वच्छ प्लॅस्टिकच्या बादलीत आधी तीन चतुर्थांश पाणी भरावे आणि मग त्यात दाणेदार हायपोक्लोराइट थोडे थोडे सोडून लाकडी नव्हे तर प्लॅस्टिकच्या दांड्याने ढवळावे. कोरड्या दाण्यांवर पाणी ओतणे ही उलटी क्रिया आहे; तसे केल्यास थोडे पाणी आणि बरेच रसायन यांची गाठ पडते, उष्णता एकाच ठिकाणी साठते आणि मिश्रण उसळून अंगावर येते. हे काम उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन करावे. बाजूंनी बंद असलेला चष्मा, रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे, बंद बूट आणि प्लॅस्टिकचा एप्रन ही किमान तयारी होय. गाळ खाली बसू द्यावा, वरचे स्वच्छ पाणी पंप चालू असताना तलावाच्या कडेने फिरत फिरत ओतावे. त्या वेळी पाण्यात कोणीही नसावे. पीएच उतरवण्यासाठी आम्ल द्यायचे असेल तर तेही पाण्यात आम्ल या क्रमाने, आणि दोन्ही रसायने लागोपाठ देऊ नयेत. मी आम्ल सकाळी देतो आणि क्लोरीन सूर्यास्तानंतर.

मोजमाप अंदाजाने केल्यामुळेही वास वाढतो. हिशेब अवघड नाही. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, म्हणजेच १,००० लिटर पाण्यात १ ग्रॅम. १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात १०८ घनमीटर, म्हणजे १,०८,००० लिटर पाणी असते. त्यात क्लोरीन १ पीपीएमने वाढवायला १०८ ग्रॅम शुद्ध क्लोरीन हवे. ६५ टक्क्यांच्या दाणेदार मालाचे ते सुमारे १६६ ग्रॅम होतात आणि लिटरमागे १०० ग्रॅम क्लोरीन असलेल्या ताज्या द्रवाचे एक लिटरहून थोडे अधिक. ‘दोन मग टाकले’ या नोंदीला अर्थ नाही. साधा वजनकाटा हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित औजार आहे.

झाकण उघडताच वास येणे

टीसीसीएच्या गोळ्यांचा डबा उघडला की थोडा वास येणारच, कारण झाकणाखालच्या बंदिस्त हवेत तो साचलेला असतो. डबा उघड्यावर न्यावा, तोंड बाजूला वळवून हाताच्या अंतरावरून झाकण सैल करावे आणि क्षणभर थांबावे. मात्र वास दर वेळी वाढतच चालला असेल तर आत ओलावा शिरला आहे असे समजावे. बहुधा कोणीतरी अर्धवट विरघळलेली, ओली गोळी काटकसर म्हणून परत डब्यात टाकलेली असते. दाणेदार हायपोक्लोराइटच्या पिंपाला ओलाव्याइतकाच धोका तेल, कागद, कापड, लाकडाचा भुसा, सुकी पाने यांचा असतो. तो जोरकस ऑक्सिडीकारक असल्यामुळे असल्या वस्तूंना बाहेरच्या ठिणगीशिवायही पेटवू शकतो. सांडलेले दाणे पिंपात परत टाकू नयेत आणि कचऱ्याच्या पेटीतही नाही. कोरड्या, स्वच्छ प्लॅस्टिकच्या सुपडीने ते वेगळे उचलावेत आणि स्वच्छ असतील तर पाण्याने भरलेल्या बादलीत थोडे थोडे विरघळवून नेहमीच्या मात्रेत वापरून टाकावेत.

द्रव हायपोक्लोराइटची गोष्ट वेगळी. ते पडून राहिले तरी ताकद गमावते, ऊन आणि उष्णता लागली तर फार वेगाने, आणि विघटनातून ऑक्सिजन सुटत राहतो. म्हणून त्याच्या पिंपाला हवा सोडणारे बूच असते. ते गळते म्हणून घट्ट बसणारे दुसरे बूच लावणे म्हणजे पिंप फुगवून फोडण्याची तयारी होय. साठवणीत आम्ल शक्यतो वेगळ्या खोलीत असावे. तसे जमत नसेल तर निदान दोन टोकांना, प्रत्येकाखाली स्वतंत्र तसराळे ठेवून, म्हणजे दोन्ही पिंपे एकाच वेळी गळली तरी ओघळ एकमेकांना मिळणार नाहीत. द्रव कधीही कोरड्या रसायनाच्या वरच्या फळीवर ठेवू नये.

पंप पुन्हा सुरू केल्यावर येणारा वास

हा सर्वांत फसवा प्रकार, कारण यात कोणी झाकण उघडलेले नसते की मग बुडवलेला नसतो. ज्या तलावांवर हायपोक्लोराइट आणि आम्ल दोन्ही स्वयंचलित डोसिंग पंपांनी, म्हणजे ठरलेली मात्रा सोडणाऱ्या छोट्या पंपांनी, नळीत सोडले जाते, तिथे मुख्य पंप चालू असताना भरपूर पाणी वाहत असते आणि दोन्ही रसायने त्यात विरून जातात. मुख्य पंप थांबला आणि डोसिंग पंप मात्र चालूच राहिले, तर दोन्ही रसायने स्थिर पाण्यात जवळजवळ मूळच्या ताकदीने एकमेकांना भेटतात. नळीत क्लोरीन वायू साठत जातो. नंतर कोणी मुख्य पंप सुरू केला की तो वायू पाण्याच्या पहिल्या झोतासोबत तलावातल्या इनलेटमधून, म्हणजे पाणी आत येण्याच्या तोंडातून, बाहेर पडतो, तोही नेमका पोहणाऱ्यांच्या तोंडाजवळ.

तपासणी सोपी आहे. तलावात कोणी नसताना मुख्य पंप बंद करावा आणि दोन्ही डोसिंग पंप त्याच क्षणी थांबतात का ते पाहावे. थांबत नसतील तर त्यांचे प्लग बहुधा स्वतंत्र सॉकेटमध्ये आहेत. ते मुख्य पंपाच्या वीजजोडणीला बांधून घ्यावेत, पण तेवढ्यावर समाधान मानू नये. पंपात हवा अडकली, गाळणी तुंबली किंवा झडप बंद राहिली तर मोटर फिरत असते आणि पाणी मात्र वाहत नसते. म्हणून पाण्याचा प्रवाहच ओळखणारा फ्लो स्विच लावणे गरजेचे आहे. फिल्टरचे बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटे सोडून धुणे, करताना डोसिंग हाताने बंद करावे. पंप काही कारणाने बंद पडला असेल, मग तो पाच मिनिटे का असेना, तर तो सुरू करण्याआधी सर्वांना पाण्याबाहेर काढावे. लोक कुरकुर करतात, करू द्यावी.

गोळ्यांचा फीडर, म्हणजे गोळ्या ठेवून त्यांतून पाणी फिरवणारे बंद भांडे, असेल तर त्यातही हाच न्याय लागू होतो. पंप बंद असताना फीडरमधील थोड्या पाण्यात गोळ्या विरघळत राहतात आणि झाकणाखाली दाबाने वायू साठतो. आधी दोन्ही बाजूंच्या झडपा बंद कराव्यात, दाब सोडावा आणि मगच झाकण हळूहळू फिरवावे. गोळ्या संपल्या म्हणून टीसीसीएच्या फीडरमध्ये दाणेदार हायपोक्लोराइट भरणे म्हणजे वर सांगितलेला स्फोट स्वतःच्या हाताने घडवणे होय.

पोहणाऱ्यांना पाण्यावर येणारा वास

इथे धोका कमी आहे, पण गैरसमज सर्वांत जास्त आहे. पाण्याला ‘क्लोरीनचा वास’ येतो म्हणजे क्लोरीन जास्त झाले, असे जवळपास प्रत्येक जण मानतो. प्रत्यक्षात घाम, लघवी आणि त्वचेवरील द्रव्ये यांतील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइने बनतात आणि तो वास त्यांचा असतो. डोळे लाल होतात तेही प्रामुख्याने त्यांच्यामुळेच. याचा अर्थ कामाचे क्लोरीन बहुधा कमी पडलेले असते.

त्यासाठी चाचणी नीट हवी. थेंब टाकल्यावर पिवळा रंग देणारी ऑर्थोटोलिडिनची चाचणी फक्त एकूण क्लोरीन दाखवते आणि इथे नेमकी दिशाभूल करते. डीपीडी या गुलाबी रंग देणाऱ्या रसायनाच्या चाचणीत पहिली गोळी मुक्त, म्हणजे अजून कामाला मोकळे असलेले, क्लोरीन सांगते, त्याच नमुन्यात तिसऱ्या क्रमांकाची गोळी टाकली की एकूण क्लोरीन कळते, आणि दोहोंतला फरक म्हणजे बद्ध, क्लोरामाइनांत अडकलेले क्लोरीन. एक खूणगाठ बांधून ठेवावी : गोळी टाकताच नळीत क्षणभर गुलाबी छटा चमकून पाणी पुन्हा रंगहीन झाले, तर क्लोरीन शून्य नाही, उलट इतके जास्त आहे की त्याने रंगच विरंजित केला आहे. ते ‘शून्य’ पाहून आणखी क्लोरीन ओतणारे मी पाहिले आहेत. नमुना शुद्ध पाण्याने पातळ करून चाचणी पुन्हा करावी आणि आलेला आकडा त्या पटीने गुणावा.

समजा मुक्त क्लोरीन १.४ आणि एकूण २.६ पीपीएम आले. बद्ध क्लोरीन १.२ झाले. ते मोडण्यासाठी त्याच्या सुमारे दहापट, म्हणजे १२ पीपीएम मात्रा एकदम द्यावी लागते. वरच्या मापाच्या तलावाला ६५ टक्क्यांचा माल सुमारे २ किलो. हीच मात्रा भीतीपोटी निम्मी दिली तर साध्या क्लोरामाइनचे रूपांतर अधिक उग्र वासाच्या डायक्लोरामाइन आणि ट्रायक्लोरामाइनमध्ये होऊन काम तिथेच थांबते. दर काही दिवसांनी थोडेथोडे क्लोरीन देऊनही वास परत येतो, त्याचे कारण हे अर्धवट काम असते. मात्रा अनेक बादल्यांत वाटून, सूर्यास्तानंतर, तलावावरचे आच्छादन काढून आणि छताखालचा तलाव असेल तर सर्व खिडक्या व पंखे चालू ठेवून द्यावी. मुक्त क्लोरीन ४ पीपीएमच्या खाली येईपर्यंत मी कोणालाही पाण्यात उतरू देत नाही.

त्याआधी पीएच पाहावा. पीएच ७.५ असताना मुक्त क्लोरीनपैकी साधारण निम्मे भाग जंतुनाशक हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो. ८ झाला की तो चौथ्या हिश्शावर येतो. ७.२ ते ७.६ या पट्ट्यात काम केल्यास कमी रसायनात भागते.

आणि ही मोठी मात्रा गोळ्यांनी देऊ नये. टीसीसीएने दिलेल्या प्रत्येक १ पीपीएम क्लोरीनमागे पाण्यात सुमारे ०.६ पीपीएम सायन्युरिक आम्ल मागे राहते. ते उन्हापासून क्लोरीन वाचवते, म्हणून उघड्या तलावात ३० ते ५० पीपीएम इतके उपयोगीच आहे. पण रोज २ पीपीएम गोळ्यांनी देत गेले तर महिन्यात ३६ पीपीएमची भर पडते, ते सहजासहजी मोडत नाही, आणि १०० च्या पुढे गेल्यावर चाचणीत क्लोरीन भरपूर दिसते तरी शेवाळ धरते. तिथे पाणी काही अंशी उपसून नवे भरावे लागते.

मोठी मात्रा दिल्यानंतर काम पूर्ण झाले की नाही, हे रात्रीत कळते. सूर्यास्तानंतर मुक्त क्लोरीन मोजून लिहून ठेवावे, पंप चालू ठेवावा आणि पहाटे ऊन पडण्याआधी पुन्हा मोजावे. रात्री ऊन क्लोरीन खात नाही, त्यामुळे जी घट दिसते ती पाण्यातल्या घाणीने केलेली असते. घट १ पीपीएमपेक्षा कमी आणि बद्ध क्लोरीन ०.२ च्या आत असेल तर काम पूर्ण झाले, आणि मुक्त क्लोरीन ४ पीपीएमच्या खाली आले की तलाव खुला करता येतो. घट त्याहून जास्त असेल तर फिल्टर आणि तळाचा गाळ साफ करून दुसऱ्या रात्री हीच मोजणी पुन्हा करावी.